मैत्रीपूर्ण स्पर्धेत मासा लांब करण्याविषयी

कयाकमधून, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीतून, मासे पकडण्याच्या मैत्रीपूर्ण स्पर्धेत तुम्ही पहिल्यांदाच नाव नोंदवले असेल, तर नवा रॉड, भारी रीळ किंवा डबाभर आमिषे यांवर पैसे घालवू नका, असा माझा पहिला सल्ला आहे. या वस्तूंनी फार तर मासा मिळतो. क्रमांक मिळतो तो मासा गळाला लागून मांडीवर आल्यानंतरच्या दीड मिनिटात, आणि त्या दीड मिनिटाचा सराव सहसा कोणी करत नाही. अंधार असतानाच वल्ही मारत निघणारी, वाऱ्याचा अंदाज घेणारी, पाण्याचा रंग पाहून आमिष बदलणारी आणि दुपारपर्यंत पाण्याची बाटलीही न उघडणारी माणसे मी पाहिली आहेत. ती निष्ठेने पाचव्या ते नवव्या क्रमांकावर येतात.

‘मैत्रीपूर्ण’ या शब्दानेही गाफील राहू नका. जिथे बक्षिसाची रक्कम मोठी असते तिथे छापील नियमावली असते, तक्रारीची मुदत असते आणि निकाल लागला की माणसे आपापल्या गाडीवर कयाक बांधून निघून जातात. जिथे बक्षीस म्हणून एक टोपी ठेवलेली असते तिथले भांडण टोपीसाठी नसून तत्त्वासाठी असते, आणि तत्त्वाचे भांडण पुढच्या वर्षीच्या स्पर्धेपर्यंत सहज पुरते.

आता मूळ पद्धत समजून घ्या, कारण वाकवायचा नियम आधी सरळ पाहिलेला बरा. मोठ्या बोटीत पकडलेले मासे जिवंत ठेवायला पाण्याची टाकी असते, त्यामुळे दिवसाअखेर ते काठावर आणून वजन करता येते. कयाकमध्ये जेमतेम माणूस मावतो. म्हणून इथे वजनाऐवजी लांबी धरतात: मासा पकडायचा, मापफळीवर आडवा ठेवायचा, फोटो काढायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. मासा वाचतो आणि पंचांच्या हाती पुरावा म्हणून केवळ फोटो उरतो. शिवाय वजनाचेही काही खरे नसते. २०२२ साली अमेरिकेत लेक इरीवरच्या एका बोटींच्या स्पर्धेत विजयी मासे आकाराच्या मानाने फारच जड भरले, म्हणून आयोजकाने ते सर्वांसमोर चिरले, तेव्हा पोटातून शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे तुकडे बाहेर आले. पुढच्या वर्षी दोघा स्पर्धकांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ते तुरुंगातही जाऊन आले. शिसे भरून वजन वाढते, लांबी वाढत नाही, हे पाहून कयाकवाले निर्धास्त असतात. लांबी वाढवायला शिसे लागतच नाही, हा आपला आजचा विषय आहे.

सुरुवात फळीपासून करा. मापफळी म्हणजे एका टोकाला उभी आडभिंत असलेली, सेंटिमीटरच्या खुणांची लांब फळी. माशाचे तोंड भिंतीला टेकवायचे आणि शेपटीचे टोक कुठे येते ते वाचायचे. भिंतीची आतली बाजू आणि शून्याची खूण एकाच जागी असणे अपेक्षित असते, पण खुणांची चिकटपट्टी घरी चिकटवलेली असेल किंवा भिंत स्क्रूने बसवलेली असेल, तर अपेक्षेला थोडी मोकळीक मिळते. भिंत शून्याच्या तीन मिलिमीटर आत सरकलेली असेल, तर त्या फळीवर पडणारा प्रत्येक मासा जन्मतःच तीन मिलिमीटर भाग्यवान असतो. अशी फळी मिळाली तर तिच्याशी एकनिष्ठ राहा. उलट भिंत तीन मिलिमीटर बाहेर गेलेली असेल तर मात्र मापनाच्या शुद्धतेवर ताबडतोब आवाज उठवा आणि सर्वांच्या फळ्या पोलादी पट्टीशी ताडून पाहण्याचा आग्रह धरा. कापडी टेप वापरण्याची परवानगी असेल तर प्रश्नच मिटला. नियमात अपेक्षित असते ते सरळ रेषेतले अंतर, पण टेप माशाच्या फुगीर पोटावरून, प्रेमाने कुरवाळत नेली की गलेलठ्ठ मासा आपल्या आहाराचे श्रेय लांबीतही मिळवतो.

त्यानंतर तोंड. तोंड मिटलेले आणि भिंतीला टेकलेले असावे, असा नियम जवळपास सगळीकडे असतो, आणि त्याला कारण आहे: पुष्कळ माशांचा वरचा जबडा तोंड उघडताना पुढे येतो, त्यामुळे आ वासलेला मासा मिटल्या तोंडाच्या माशापेक्षा लांब भरू शकतो. नवशिका स्पर्धक इथेच चुकतो आणि उघड्या तोंडाचा फोटो पाठवून दंड ओढवून घेतो. तुम्ही तोंड मिटवा. मिटवण्यासाठी त्यावर हात ठेवावाच लागतो, हाताखाली जबडा झाकला जातो, आणि झाकलेला जबडा भिंतीला टेकला आहे की अर्धा सेंटिमीटर मागे आहे, हे तुमच्या आणि माशाच्या दरम्यानचे गुपित राहते. काही आयोजक हुशार असतात. ते कल्ला आणि डोळा दिसलाच पाहिजे अशी अट घालतात. त्यांच्यासाठी चिठ्ठी असते. स्पर्धेच्या दिवशी सकाळी एक सांकेतिक क्रमांक जाहीर होतो आणि तो लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक फोटोत दिसावी लागते, जेणेकरून गेल्या महिन्यातला मासा आज पुन्हा पकडला जाऊ नये. चिठ्ठी कुठे ठेवायची हे बहुधा कोणी लिहून दिलेले नसते. तोंड आणि भिंत यांच्यामधली जागा तिला फार शोभून दिसते.

शेपटीचे शास्त्र याहून खोल आहे. एकाच माशाच्या तीन लांब्या असतात आणि तिन्ही प्रामाणिक असतात. शेपटीच्या दोन पात्यांमधल्या बेचक्यापर्यंत मोजली की एक लांबी येते, पाती जशी पसरली आहेत तशीच ठेवून लांबच्या टोकापर्यंत मोजली की दुसरी, आणि पाती चिमटीत धरून एकमेकींवर आणली की तिसरी. चिमटीत धरल्यावर बाहेर फाकलेली टोके मधल्या रेषेकडे येतात आणि त्याच वेळी मागेही सरकतात, म्हणून ही तिसरी लांबी सर्वांत उदार असते. खोल बेचक्याच्या शेपटीत हा फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो; गोल शेपटीच्या माशाला बेचकेच नसते आणि चिमटीनेही त्याचे फारसे भले होत नाही, म्हणून गोल शेपटीचा मासा लागला तर ‘जाऊ द्या, मैत्रीपूर्ण स्पर्धा आहे’ असे म्हणण्याची ती योग्य वेळ समजावी. आयोजकाने कोणती लांबी धरायची ते सांगितले नसेल, तर विचारू नका. विचारले की उत्तर मिळते आणि उत्तर मिळाले की ते पाळावे लागते.

मात्र हे सगळे उपाय हाताचे आहेत आणि हात फोटोत दिसतो. खरा उपाय फोटोत दिसत नाही, कारण तो फोटो काढणाऱ्याच्या जागेत असतो. समजा मासा ५० सेंटिमीटरचा आहे, फोन फळीच्या ५० सेंटिमीटर वर धरला आहे आणि शेपटीचे टोक फळीला चिकटून न राहता एक सेंटिमीटर उचललेले आहे. जिवंत माशाची शेपूट तेवढी उचललेली असतेच. फोन बरोबर शेपटीच्या वर धरला तर खरे माप दिसते. पण संपूर्ण मासा चौकटीत यावा म्हणून प्रत्येक सभ्य माणूस फोन माशाच्या मध्यावर, म्हणजे शेपटीपासून २५ सेंटिमीटर अंतरावर धरतो, आणि तिथून तिरक्या नजरेने पाहताना उचललेले टोक फळीवर अर्धा सेंटिमीटर पुढे पडलेले दिसते. मापे अर्ध्या सेंटिमीटरच्या टप्प्याने वाचली जात असतील, तर हा बरोबर एक टप्पा झाला. पाच माशांच्या बेरजेवर क्रमांक ठरत असेल, तर केवळ नियमाप्रमाणे ‘संपूर्ण मासा दिसेल असा’ फोटो काढल्याचे अडीच सेंटिमीटर बक्षीस मिळते. फोन आणखी थोडा तोंडाच्या बाजूला सरकवण्याचा मोह होईल. तो आवरू नका, पण कोणी विचारलेच तर लाटेने कयाक हलली, असे सांगा. ती हललेली असतेच.

लाटेवरून आठवले. हे सर्व वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर एखादे स्थिर टेबल आले असेल, तर ते काढून टाका. माझ्या एका सकाळचा तपशील सांगतो. मासा चांगला होता, हे हाताला कळत होते. वल्हे बाजूला ठेवले, त्याच क्षणी वाऱ्याने कयाक फिरवून लाटांना आडवी केली. फळी दोन्ही मांड्यांवर आडवी टाकली होती. ती आधी पाण्यात बुडवून ओली केलेली होती, कारण उन्हात तापलेल्या कोरड्या फळीवर माशाच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो, आणि इतपत सद्वर्तन मी करतो. डावा तळवा माशावर, उजव्या हातात प्लास्टिकच्या पाकिटातला फोन, पाकिटावर थेंब. ओल्या काचेला ओले बोट कळेना. पडद्यावर कधी घड्याळ येई, कधी माझाच चेहरा. मासा शांत पडला होता, इतका शांत की त्याने स्पर्धेचे स्वरूप समजून घेतले आहे असे मला वाटले. मग फोटो निघाल्याचा आवाज आला आणि त्याच्या अर्धा क्षण आधी मासा उसळून, माझ्या गुडघ्यावर शेपूट आपटून, पाण्यात गेला. फोटोत फळी आहे, सांकेतिक क्रमांक स्वच्छ वाचता येतो, माझा गुडघा उत्तम आला आहे, आणि भिंतीपासून ४६ सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत चिकट बुळबुळीचा चकाकता पट्टा आहे. मी तो फोटो पाठवला. पट्ट्याचे तोंड मिटलेले आहे आणि ते भिंतीला टेकलेले आहे, असा युक्तिवादही केला. पंचांनी तो मान्य केला नाही, यावरून या क्षेत्रात अजून किती सुधारणेला वाव आहे हे ध्यानात येईल.

आता पंच. मैत्रीपूर्ण स्पर्धेचा पंच शक्यतो स्वतः स्पर्धक असावा, म्हणजे त्याला इतरांच्या माशांकडे बारकाईने पाहण्याची मनापासून गरज वाटते. ही जबाबदारी तुमच्यावर आली तर नियम तोंडीच ठेवा. लिहिलेला नियम सर्वांना सारखा लागू पडतो आणि त्यात पंचाच्या अनुभवाला काही कामच उरत नाही. माप दोन खुणांच्या मध्ये आले तर खालची खूण धरावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे, म्हणजे ४३.९ चा मासा ४३.५ चा होतो. हा नियम क्रूर वाटतो, पण तो फक्त प्रतिस्पर्ध्यांना लागू केल्यास सुसह्य होतो. त्यांचे फोटो मोठ्या पडद्यावर, शेपटीपाशी ताणून, ठिपके ठिपके दिसेपर्यंत पाहावेत. स्वतःच्या कंपूतल्यांचे फोटो उन्हात उभे राहून फोनवरच पाहावेत आणि चष्मा गाडीत राहिला असल्यास तो आणायला जाऊ नये. दोघांची बेरीज सारखी झाली तर ज्याचा एकटा मासा सर्वांत लांब तो वरचा, असे सहसा धरतात. हे आधी जाहीर करू नका. निकालानंतर जाहीर केल्यास त्याला ‘अनुभवी पंचाचा निर्णय’ म्हणतात.

आक्षेप येतील. त्यांना शास्त्राने उत्तर द्या. आमच्याकडे एका गृहस्थांनी एकदा तक्रार केली की, त्यांची ॲल्युमिनियमची फळी दुपारच्या उन्हात प्रसरण पावली आणि त्यामुळे मासा आखूड भरला. तक्रारीची दिशा अगदी बरोबर होती: फळी लांबली की खुणा दूर जातात आणि मासा कमी भरतो. मी कागद घेऊन बसलो. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०२३ मिलिमीटर वाढते. ६० सेंटिमीटरची फळी २० अंशांनी तापली तरी सगळी वाढ पाव मिलिमीटरच्या थोडी वर जाते. हे ऐकून त्यांनी त्या पाव मिलिमीटरची लेखी मागणी केली. ती मंजूर करून माप खालच्या खुणेवर आणले, तेव्हा ते जिथे होते तिथेच आले.

आणखी एक प्रकरण सांगतो, कारण त्यात मी स्वतः गुंतलो होतो आणि पंच म्हणूनही मीच बसलो होतो. त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मला एक मासा मिळाला, ४२.५ सेंटिमीटर. त्याच्या पाठीवरच्या परामध्ये, तिसऱ्या काट्याजवळ, कोणी कात्रीने कापावी तशी एक खाच होती आणि कल्ल्याच्या मागे तीन काळे ठिपके त्रिकोणात होते. संध्याकाळी फोटो पाहताना दुसऱ्या एका स्पर्धकाच्या फोटोत तीच खाच आणि तोच त्रिकोण दिसला. वेळ दहाची, माप ४१. तिसऱ्याच्या फोटोत दुपारी बारा वाजता पुन्हा तोच मासा, माप ४३.५. सोडलेला मासा दुसऱ्याने पकडला तर तो दोघांचाही धरतात, त्यात गैर काही नाही. परंतु एका सकाळीत हा प्राणी दीड सेंटिमीटर आटला आणि मग अडीच सेंटिमीटर वाढला होता. तीन फळ्या, तीन फोन, शेपूट धरण्याच्या तीन पद्धती, आणि प्रत्येक फोटो नियमात चोख बसणारा. आम्ही तिघे बराच वेळ पडद्याकडे पाहत बसलो. हा सूर्य, हा जयद्रथ, इतका स्वच्छ पुरावा समोर होता आणि तो आम्हा तिघांविरुद्ध होता. अखेर ज्याचे माप ४१ आले होते त्याने, मासा दहा वाजता उपाशी असावा, असे मत मांडले आणि आम्ही ते कृतज्ञतेने नोंदवून घेतले. तिन्ही मापे कायम राहिली. एकही कमी केले असते तर उरलेल्या दोघांना कारण विचारावे लागले असते.

असल्या प्रसंगी जगातल्या मोठ्या संस्थांचे दाखले देणारा एक जण नेहमी भेटतो. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही १९३९ साली स्थापन झालेली संस्था विक्रमांची नोंद ठेवते, आणि लांबीच्या विक्रमासाठी ती स्वतः ठरवून दिलेल्या मापपट्टीवरच मोजलेला आणि जिवंत सोडलेला मासा मानते. म्हणजे पट्टी सर्वांना एकाच प्रकारची. हा मुद्दा बैठकीत निघाला की मान डोलवा, खर्चाचा विषय काढा आणि पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणा. सर्वांची पट्टी एक झाली तर मासा पकडता येणारी माणसे पुढे येतील आणि स्पर्धेचा रंगच बदलेल.

स्पर्धा संपल्यावर मासा सांगायचा कसा, याबद्दल दोन शब्द पुरेत. लांबी कधीही सांगू नका, वजन सांगा. एकाच आकृतीच्या माशांत वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ४० चा मासा ४४ चा झाला, म्हणजे लांबीत एक दशांशाने वाढला, की वजनात तो एक तृतीयांशाने वाढतो. चार सेंटिमीटर वाढवून सांगणे ही थाप ठरते. त्याच थापेला वजनाची भाषा दिली की तो अंदाज होतो, आणि मासा केव्हाच पाण्यात गेलेला असल्यामुळे अंदाज चुकल्याचे सिद्ध करायला कोणी येत नाही. फोटो दाखवायचा असेल तर फळीवरचा दाखवू नका. हात लांब करून मासा कॅमेऱ्याकडे धरलेला दाखवा. कॅमेरा एक मीटरवर आणि मासा त्याच्या निम्म्या अंतरावर असेल तर तो तुमच्या छातीच्या तुलनेत दुप्पट दिसतो. कोपर मात्र चौकटीबाहेर ठेवा.

राहता राहिली माझी स्वतःची फळी. गेली तीन वर्षे ती माझ्याकडे आहे, भिंत स्क्रूने बसवलेली, आणि तिच्यावर मासे मोठे येतात, असे माझे निरीक्षण आहे. गेल्या बैठकीत एका नव्या सदस्याने सुचवले की, स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या फळ्या आणाव्यात आणि एका पोलादी पट्टीशी ताडून घ्याव्यात. पाच मिनिटांचे काम आहे. सूचना अत्यंत मुद्देसूद होती आणि तिच्यावर सविस्तर चर्चा झाली. मग हात वर करून मतदान झाले. सूचनेच्या बाजूने एक हात होता, तो त्या नव्या सदस्याचा. विरोधात सगळ्यांत आधी वर गेलेला हात कोणाचा होता, हे मी पंच या नात्याने सांगू शकत नाही.